म्हातारपण चित्रांतून आणि लिखाणातून समजून घ्यायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की एकसष्टी झाली, शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरीची परीक्षाही दिली नव्हती, आणि आता अंगात शिरणारं म्हातारपण कागदावर उतरवायचंय; पण वही उघडली की बालपणीच्या आठवणीच येतात. शिवाय याचा उपयोग काय, हाही प्रश्न आहेच.

ताई, आठवणी थांबवू नका, फक्त त्यांची वही वेगळी करा. आठवणी लिहिणं म्हणजे तरुणपणच लिहिणं. आणि सांजवेळ, पानगळ, पिकलं पान हे शब्द वर्षभर तरी वर्ज्य करा. आमच्या सोलापुरात ज्येष्ठांची कविसंमेलनं होतात, त्यात निम्म्या कविता सांजवेळेवर. इथे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो, संध्याकाळी सातलाही भिंती भाजतात. ती हळवी सांजवेळ या मंडळींनी कुठे पाहिली कोण जाणे!

मी यंत्रमागाच्या कारखान्यात चादरी-टॉवेलच्या डिझाइन काढायचो. जेकार्ड म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणारी मागावरची यंत्रणा; तिचं काम म्हणजे ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरत जायचं. भरलेल्या चौकोनाला पुठ्ठ्यात भोक, आणि भोक असेल तिथे उभा धागा वर उचलला जातो. जन्मभर रेघ आणि रंग यांवरच पोट भरलं, म्हणून माझं म्हातारपण मला आधी दिसलं ते डोळ्यांत.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी निघाल्यावर एकेक डोळा झाकून पांढरा टॉवेल पाहिला. नव्या डोळ्याला तो निळसर दिसला, जुन्याला चहा सांडून धुतल्यासारखा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश अडवायला लागतं. हे इतकं सावकाश होतं की मेंदू त्या पिवळ्यालाच पांढरं मानून चालतो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायला अवकाश होता. तेवढ्यात मी एकच चादर दोनदा रंगवली, एकदा डावा डोळा झाकून, एकदा उजवा. नातवाला दोन्ही कागद दाखवले तर म्हणाला, ‘आजोबा, यातली कुठली चादर आपल्या घरातली?’ पुढे डावा डोळाही नवा झाला आणि ते चित्र पुन्हा काढायची सोय संपली. घाई करायची असेल तर ती एवढ्याचसाठी. म्हातारपण एकाच जागी थांबत नाही, आजची अडचण सहा महिन्यांनी वेगळीच असते.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचंही असंच झालं होतं. १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, पण ऑपरेशनला तो घाबरत राहिला आणि शेवटी १९२३ मध्ये उजवा डोळा करून घेतला. मधल्या काळात त्याने आपल्या बागेतला तोच तो जपानी पूल रंगवला. आधीच्या चित्रांत हिरवा-निळा असलेला पूल इथे विटकरी आणि तपकिरी रंगात बुडालेला आहे. ऑपरेशननंतर रंगच बिघडलेत अशी त्याची तक्रार सुरू झाली, मग रंगीत काचांचे चष्मे आले. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जी यांची तर १९५६-५७ च्या सुमारास डोळ्याच्या ऑपरेशननंतर दृष्टीच गेली. ते रंगीत कागद कापून चित्रं करू लागले, पुढे टाइल्सचं भित्तिचित्रही केलं. तेव्हा ‘मला येत नाही’ हे कारण बाजूला ठेवा.

तुम्ही चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. आरशासमोर गेलं की आपण चेहरा नकळत नीट करतो. पाय काढा: टाचेच्या भेगा, जाड झालेली नखं, घोट्याजवळच्या शिरा. ६बी, म्हणजे मऊ आणि गडद, पेन्सिल घ्या, पट्टी आणि खोडरबर घेऊ नका. हात थरथरला तर थरथरणारी रेघ तशीच राहू द्या, मला तर तीच रेघ सगळ्यात खरी वाटते. मग दुसऱ्यांचे हात. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी उभा जन्म विड्या वळल्या. आता मांडीवर सूप नाही, तंबाखू नाही, पण गप्पा मारताना पदराचं टोक त्या बोटांत घेऊन वळत बसतात. ते हात मी कितीदा काढलेत, अजून जमले नाहीत.

लिखाणात भावना बाजूला राहू द्या, हालचाली लिहा, त्याही वर्तमानकाळात. खाली बसून उठताना आधी काय धरता? जिन्यावर कुठला पाय पुढे टाकता? आमच्याकडची कडक भाकरी पूर्वी शेंगाचटणीबरोबर कडाकडा मोडून खायचो, आता आमटीत किती भिजवावी लागते, हे मी लिहून ठेवतो. ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढून बघा. जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतले दोष पाहावेत या गीतेतल्या श्लोकावर लिहिताना माउली शरीराच्या एकेका अवयवाचं पुढे काय होणार ते बिनदिक्कत सांगतात. ज्ञानेश्वरी १२९० ची; परंपरेनं मानलेलं जन्मसाल धरलं तर तेव्हा त्यांचं वय होतं १५. त्यामुळे एकसष्टी म्हणजे लवकर, असं मुळीच समजू नका.

उपयोगाचं म्हणाल, तर मन हलकं होईल की नाही हे ज्याचं त्यानं बघावं, माझं कधी होतं, कधी नाही. एक उपयोग मात्र रोकडा आहे. दर महिन्याच्या एक तारखेला एकच ठरलेलं वाक्य, त्याच पेनानं, रेघा नसलेल्या कागदावर लिहा आणि तारीख टाका. अक्षर महिन्यागणिक बारीक होत, ओळीच्या शेवटी चेपत चाललंय असं दिसलं तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पार्किन्सनमध्ये असं होऊ शकतं, कधीकधी कंप लक्षात येण्याआधीच. दुसरीही कारणं असू शकतात, ती डॉक्टर बघतील, पण तोंडी सांगण्यापेक्षा तारखांची वही त्यांना जास्त कामाला येईल.