आधी कार्ड, मग कॅबिनेट

प्रश्न : ताई, माझं टेबल लहान आहे, म्हणून दहा लिटर आकारमानाच्या कॅबिनेटमध्ये गेमिंग पीसी स्वतः जोडायचं ठरवलंय. मॉनिटर फुल एचडी, १४४ हर्ट्झचा आहे. मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाचा मदरबोर्ड, आठ कोअरचा प्रोसेसर, लिक्विड कूलर आणि ८५० वॉटचा एसएफएक्स (छोट्या मापाचा) पॉवर सप्लाय धरला की ग्राफिक्स कार्डासाठी बजेटचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. कशात कपात करू?
– एक विद्यार्थी

उत्तर : कार्ड सोडून बाकी सगळ्यात कर. गेममधले फ्रेम्स (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात ते मुख्यतः कार्डामुळे, आणि तुझ्या यादीत उरलंसुरलं नेमकं त्याच्याच वाट्याला आलंय. असं पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण हे पैसे कुणीतरी जपून साठवलेले असतात.

पॉवर सप्लायचंच बघ. आरटीएक्स ५०६० या ग्राफिक्स कार्डाला १४५ वॉट लागतात, आरएक्स ९०६० एक्सटी या कार्डाच्या १६ जीबी मेमरीवाल्याला १६० च्या आसपास. सहा कोअरचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर पूर्ण ताणावर ८८ वॉटपर्यंत जातो. पंखे, एसएसडी, मदरबोर्ड सगळं धरलं तरी बेरीज साडेतीनशेच्या आत राहते. ५५० वॉटचा भरपूर झाला. फक्त कपात वॉटमध्ये कर, दर्जात नको. बिननावाचा पॉवर सप्लाय मी कुणालाच घेऊ देणार नाही.

प्रोसेसर तो सहा कोअरचाच घे. लिक्विड कूलर यादीतून काढ. दहा लिटरच्या कितीतरी कॅबिनेटमध्ये त्याचा रेडिएटर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) बसवायला जागाच नसते. ७६०० च्या खोक्यात मिळणारा कूलर ५४ मिमी उंच आहे. कॅबिनेटमध्ये तेवढीही उंची नसेल तर नॉक्टुआ कंपनीचा ३७ मिमीचा एनएच-एल९ए-एएम५ कूलर बसतो. रॅमच्या दोन कांड्या एकदमच घे, कारण आयटीएक्सवर स्लॉट दोनच असतात.

आता तू न विचारलेलं, पण सगळ्यात मोठी बचत करून देणारं. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७ सेंमी चौरस असतो, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४.४ सेंमी. म्हणजे फरक साडेसात सेंमीचाही नाही. तेवढ्यासाठी बोर्ड महाग, कॅबिनेट महाग, आणि एसएफएक्स पॉवर सप्लायही तेवढ्याच वॉटच्या साध्या एटीएक्सपेक्षा महाग. पीसी बॅगेत घालून गावोगाव न्यायचा असेल तर हा खर्च मला पटतो. टेबलासाठी पटत नाही. वीस-बावीस लिटरचं उभं मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट टेबलाच्या कोपऱ्यात मावतं का, ते पट्टी लावून बघ. मावत असेल तर वाचलेल्या पैशांत ८ ऐवजी १६ जीबी मेमरीचं कार्ड येण्याची शक्यता आहे. नव्या गेममध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांचे बारकावे) 'हाय'वर ठेवले की ८ जीबी फुल एचडीलाही अपुरे पडू लागलेत.

तरीही दहा लिटरचंच हवं असेल तर कार्डाची लांबी आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घे. वरच्या बाजूने बाहेर येणाऱ्या पॉवर केबलची उंची त्यात मिळवायला विसरू नकोस. कार्ड बोर्डाच्या पाठीमागे बसणारं कॅबिनेट असेल तर कार्ड बोर्डाला जोडणारी रायझर केबल कोणत्या पिढीची आहे तेही विचार. केबल पीसीआयई ३ ची (कार्ड-बोर्ड जोडणीच्या तिसऱ्या पिढीची) आणि कार्ड त्यापुढचं असेल तर कधीकधी स्क्रीन काळीच राहते. ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स आहेच, तेव्हा मॉनिटर बोर्डाला जोड, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) कार्डाचा स्लॉट 'जेन ३' वर ठेव आणि मग कार्डाला जोड.