आधी राख, मग ईएसपी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. विदर्भातील कोळशावर चालणाऱ्या बॉयलरसाठी तू मांडलेले ईएसपीचे, म्हणजे धुरातील राख विजेच्या जोरावर प्लेटवर पकडणाऱ्या यंत्राचे, गणित वाचले. आकडेमोड बिनचूक आहे. पण कण प्लेटकडे जाण्याचा वेग तू परदेशी कोळशाच्या तक्त्यातून उचलला आहेस आणि सगळा डोलारा त्या एका आकड्यावर उभा आहे.

आपल्या कोळशात राख ४० टक्क्यांच्या आसपास असते. बॉयलरमधून निघणाऱ्या वायूच्या दर घनमीटरमागे साधारण ५० ग्रॅम राख धरली आणि बाहेर ५० मिलिग्रॅमच सोडायची ठरवली, तर ९९.९ टक्के राख पकडावी लागते. प्लेटच्या क्षेत्रफळावरून किती राख पकडली जाईल ते सांगणाऱ्या १९२२ च्या डॉइच सूत्रानुसार ९९ वरून ९९.९ टक्क्यांवर जाण्यासाठी प्लेटचे क्षेत्रफळ दीडपट पुरते. मात्र ते सूत्र सर्व कण जणू एकाच आकाराचे मानते. प्रत्यक्षात जाड कण पहिल्याच फील्डमध्ये, म्हणजे ईएसपीच्या पहिल्या विभागात, बसतात आणि पुढे उरतात ते एक मायक्रॉनखालचे हट्टी कण. हे लक्षात घेऊन मॅट्स आणि ओनफेल्ट यांनी सुधारलेले सूत्र, त्यातील घातांक नेहमीप्रमाणे अर्धा धरल्यास, सव्वादोनपट क्षेत्रफळ मागते. खर्चाचा अंदाज देताना हा फरक मालकाला आधीच सांग.

याहून अवघड प्रश्न रोधकतेचा, म्हणजे राख वीज किती अडवते याचा. आपल्या कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, त्यामुळे कणांच्या पृष्ठभागावर वीज वाहून नेणारा आम्लाचा थर नीट बसत नाही. शिवाय राखेत सिलिका आणि अॅल्युमिना भरपूर आणि वायूचे तापमान १३० ते १५० अंश, म्हणजे रोधकता शिखराला पोचते नेमकी तिथे. प्लेटवर साचलेल्या राखेतून विद्युतभार वाहून जात नाही, थरातच विद्युतदाब वाढत जातो, शेवटी तो थर फुटतो आणि उलट्या भाराचे आयन वायूत परत येतात. हाच बॅक कोरोना. पॅनेलसमोर उभा राहशील तेव्हा मिलिअँपिअर चढताना आणि किलोव्होल्ट उतरताना दिसतील. नवखा माणूस वाढलेला प्रवाह पाहून खूश होतो, आणि तिकडे चिमणी काळवंडू लागलेली असते.

अशा वेळी वीज सलग न देता थांबून थांबून दिल्यास फायदा होतो. वायूत अमोनिया किंवा सल्फर ट्रायऑक्साइड सोडण्याचाही उपाय आहे. माझे मत विचारशील तर नव्या संयंत्रात प्लेट सढळ हाताने द्यावी आणि रसायनाचा मार्ग जागा नसलेल्या जुन्या संयंत्रासाठी राखून ठेवावा, कारण रसायनाची टाकी भरण्याचे काम पुढे संयंत्र असेपर्यंत कुणाच्या तरी गळ्यात पडते.

रॅपिंगचा, म्हणजे हातोड्याने ठोकून प्लेटवरची राख झाडण्याचा, अंतराल सर्व फील्डना सारखा ठेवू नकोस. पहिल्या फील्डवर राख भराभर साचते, तिथे हातोडा काही मिनिटांनी पडू दे. शेवटच्या फील्डमध्ये मात्र काही तासांनीच, कारण तिथे उडालेली राख पकडायला पुढे काहीच नसते. वायूचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेव आणि हॉपरवरून, म्हणजे झाडलेली राख जमा होणाऱ्या खालच्या नरसाळ्यावरून, वायू निसटू नये म्हणून आडपडदे विसरू नकोस. हॉपर हीटर बंद पडले की राख ओलावते, अडकते आणि वर चढत इलेक्ट्रोडपर्यंत पोचून अख्खे फील्ड शॉर्ट करते.

तेव्हा आता दोन गोष्टी कर. त्याच खाणीच्या राखेची रोधकता तापमानानुसार मोजून घे, आणि एक फील्ड बंद असताना बाहेर किती राख जाईल तो हिशेब नव्याने मांडून पाठव. तो हाती आला की प्लेटमधले अंतर ३०० मिलिमीटर ठेवायचे की ४००, याविषयी बोलू.

कळावे.