रिपोर्ट नॉर्मल, मग पाळीआधी मी अशी का होते?

“मॅडम, हे बघा, सगळं नॉर्मल आलंय. म्हणजे घरचे म्हणतात ते खरं का? मी नाटकं करते?”

समोर बसलेल्या बाईंनी पर्समधून काढलेल्या कागदावर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, थायरॉइड असे सगळे आकडे मर्यादेत होते. वय 34, काम पतसंस्थेत हिशेबाचं. पाळीच्या आधीचे सात-आठ दिवस चिडचिड, कारण नसताना रडू, आणि त्यांच्याच शब्दांत ‘डोकं चालत नाही’. एकदा व्हाउचरवर 4,500 चे 5,400 झाले. त्यातच मोबाइलवर वाचलं की पाळीच्या चक्रात मेंदूच्या जोडण्या बदलतात. दर महिन्याला आपला मेंदू बिघडतो, असा अर्थ त्यांनी लावला. ओळख पटू नये म्हणून इथे तपशील बदलले आहेत, पण हा प्रश्न घेऊन येणाऱ्या त्या एकट्या नाहीत.

आधी रिपोर्टबद्दल. पाळीपूर्वी त्रास होणाऱ्या बहुतेक बायकांचे हार्मोन नॉर्मलच असतात. 1998 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत श्मिट आणि सहकाऱ्यांनी औषधाने अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवलं, तेव्हा अशा बऱ्याच जणींचा त्रास ओसरला. नंतर त्यांना बाहेरून इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन दिलं, तर तो परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता, त्यांच्या मनःस्थितीवर त्याच हार्मोनांनी काही फरक पडला नाही. म्हणजे फरक हार्मोनच्या प्रमाणात नाही, त्याला मेंदू कसा प्रतिसाद देतो यात आहे. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन तयार होतं. ते मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ यंत्रणेवर काम करतं. काहींना त्याचा चढउतार सोसत नाही. हे काही रक्ताच्या एका तपासणीत दिसत नाही. त्यामुळे त्या कागदावरून नाटक सिद्ध होत नाही.

आता ‘जोडण्या’. एमआरआयमध्ये पाहतात ते एवढंच, की मेंदूच्या दोन भागांतल्या रक्तप्रवाहाशी निगडित संकेत किती एका तालात वरखाली होतात. ढोलपथकात दोन रांगा एका ठेक्यावर येतात आणि कधी थोड्या मागेपुढे होतात, तसं. मागेपुढे झाल्या म्हणून ढोल फुटत नाही. कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा विद्यापीठात 23 वर्षांच्या एकाच स्त्रीचं सलग 30 दिवस स्कॅनिंग आणि रक्ततपासणी झाली. निष्कर्ष 2020 मध्ये छापून आले. इस्ट्रोजेन चढलं की मेंदूच्या अनेक जाळ्यांतला ताल जुळत होता, प्रोजेस्टेरॉन चढलं की सैल होत होता. निरोगी मेंदू दर महिन्याला असाच हलतो. आणि ताल बदलला म्हणजे बुद्धी कमी झाली असंही नाही: 2025 मध्ये शंभरहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तर पाळीच्या टप्प्यांनुसार स्मरणशक्ती किंवा एकाग्रतेत ठाम फरक सापडला नाही.

मग 5,400 कुठून आले? त्यासाठी दोन महिन्यांची वही. पाळी नीट सुरू झाली तो दिवस पहिला. नुसता डाग दिसला तो धरायचा नाही. रोज रात्री झोपण्यापूर्वी पाच गोष्टींना 1 ते 6 गुण: चिडचिड, उदासी, धाकधूक, लक्ष लागणं (जितकी अडचण तितके जास्त गुण), अंगदुखी. शेजारी झोपेचे तास. इथे हमखास फसतं ते असं की चार दिवस राहून जातात आणि रविवारी एकदम भरले जातात. पाळी आल्यावर मागे वळून पाहिलं की सगळाच आठवडा वाईट वाटतो. राहिलेला दिवस कोरा सोडा.

वाचताना सहाव्या ते बाराव्या दिवसाची सरासरी आणि पाळीआधीच्या शेवटच्या सात दिवसांची सरासरी शेजारी मांडली. चिडचिड 1.5 वरून 4.5 वर, हे चक्रासोबतच होतं. ‘लक्ष लागणं’ मात्र दोन्हीकडे 3 च्या आसपास. ते झोपेच्या रकान्याबरोबर हलत होतं: पाच तासांपेक्षा कमी झोप झाली, की दुसऱ्या दिवशी 4 किंवा 5. व्हाउचर महिनाअखेरीच्या क्लोजिंगमध्ये चुकलं होतं. पाळी त्याच आठवड्यात येत होती, एवढंच. रक्तस्राव जास्त होता म्हणून डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन बघून घेतलं. ते 10.2 निघालं, आणि बायकांत 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. आधीच्या कागदावर ही तपासणीच नव्हती!

दुसरी नोंद घरातली. भांडणात नवरा म्हणायचा, “तारीख जवळ आली वाटतं.” हे वाक्य ठिणगीसारखं. दोघांना बसवून ठरवलं की तो विषय कॅलेंडरवर एका शब्दात लिहायचा आणि पाळीच्या पाचव्या दिवशी बोलायचा. दोन महिन्यांत पाच शब्द लिहिले गेले. दोन विरले. ‘डबे’, ‘माहेर’ आणि ‘सुट्टी’ पाचव्या दिवशीही तसेच उभे होते. पाळीआधी राग लवकर उफाळतो, पण त्याचं कारण बहुतेक वेळा महिनाभर घरातच असतं.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. पाच किंवा अधिक लक्षणं, त्यांतलं निदान एक मनःस्थितीचं, काम किंवा नाती अडतात आणि पाळी आल्यावर काही दिवसांत उतरतात, असं दोन चक्रांच्या वहीत दिसलं तर तो पीएमडीडी, म्हणजे पाळीआधी मनःस्थिती तीव्र बिघडण्याचा आजार, असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाला वही दाखवा. त्यात एसएसआरआय गटाच्या, म्हणजे नैराश्यावरही देतात त्या, गोळ्या कधी फक्त पाळीआधीचे चौदा दिवस देतात. नैराश्यात त्यांना आठवडे लागतात, इथे काही दिवसांत फरक दिसू शकतो. मैत्रिणीची गोळी मात्र घेऊ नका. लक्षणं महिनाभर असतात आणि पाळीआधी फक्त वाढतात, तर मूळ आजार वेगळा आणि उपचारही वेगळा. आणि जगणं नको असं वाटत असेल तर वहीच्या दोन महिन्यांची वाट पाहू नका: टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास.

या बाईंना पीएमडीडी नव्हता. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि क्लोजिंगच्या आठवड्यात डब्यांचं काम नवऱ्याकडे गेलं. तिसऱ्या महिन्यात चिडचिड 3 वर आली. त्यांना त्यापेक्षा जास्त समाधान ‘लक्ष’च्या रकान्यातल्या 2 चं होतं.