सीझन बॉलचं सामान वाढत्या अंगाचं नको

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे. आतापर्यंत टेनिस बॉलवर खेळायचा, आता पार्क मैदानाजवळ सीझन बॉलच्या, म्हणजे कठीण चामडी चेंडूच्या, नेटला (सरावाला) जाणार आहे. सामान थोडं मोठं घेतलं तर दोन-तीन वर्षं निघतील का? आधी काय घ्यावं?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्या, क्रिकेटचं सामान मात्र आजच्या मापाचंच. पैसे कमी पडत असतील तर बॅट साधी काश्मीर विलोची (काश्मिरी विलो लाकडाची) चालेल, पॅड वापरलेले चालतील. हेल्मेट आणि जांघेचा गार्ड नवेच हवेत.

हेल्मेटसाठी भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती टेप फिरवा. दुकानात पट्टा न लावता मुलाला मान हलवायला सांगा. हेल्मेट सरकलं तर एक माप खाली या. मोठं हेल्मेट आत टॉवेलची घडी घालून बसवतात, ते अजिबात करू नका. चेंडू आदळला की घडी सरकते आणि हेल्मेट डोळ्यांवर येतं. लेबलवर 'बीएस ७९२८:२०१३' हे क्रिकेट हेल्मेटचं ब्रिटिश मानक पाहा, आणि ते ज्युनिअर चेंडूवर तपासलंय का तेही वाचा. १३ वर्षांखालच्या मुलांचा चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा, मोठ्यांचा साधारण १५६ ते १६३. लहान चेंडू आकारानेही बारीक, त्यामुळे फक्त मोठ्यांसाठी तपासलेल्या, तोंडासमोरच्या ग्रिलच्या फटीतून तो आत घुसू शकतो. मानेमागचं गार्डही लावा. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाचे फलंदाज फिलिप ह्यूज यांना बाउन्सर हेल्मेटच्या खाली, मानेवर लागला होता आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. एकदा जोरात चेंडू लागलेलं हेल्मेट बदला. बाहेर तडा नसला तरी आतला फोम दबलेला असतो.

जांघेचा गार्ड घट्ट सपोर्टरमध्येच (तो धरून ठेवणाऱ्या चड्डीतच) घालायचा, समोर फिरकी असली तरी. पॅडमध्ये गुडघ्याची वाटी मधल्या फुगीर भागावर यायला हवी. पॅड लांब असला की धाव घेताना पाय अडकतो. ग्लोव्ह्जची बोटं रिकामी राहिली तर बॅट हातात फिरते. उंची १४५ ते १५२ सेंटिमीटर असेल तर पाच नंबरची बॅट बघा. मांडीचा पॅड पुढच्या पायाला, म्हणजे उजव्या हाताने खेळत असेल तर डाव्या.

नेटवरून आल्यावर ग्लोव्ह्ज बॅगेतून लगेच काढून सावलीत वाऱ्यावर ठेवा. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात गच्चीवर टाकलेत तर तळव्याचं कातडं कडक होऊन तडकतं.