क्रेडिट जमा झालं, म्हणून वर्ष वाचत नाही

शाखा बदलून अमेरिकेतल्या कॉलेजात ट्रान्सफर घेण्याबद्दल या महिन्यातही तीच शंका वेगवेगळ्या शब्दांत आली आहे: इथली क्रेडिट्स (पास झालेल्या विषयांसाठी मिळणारी एककं) तिकडे धरली गेली, तर वर्ष वाचतं का? तिचं उत्तर सविस्तर देतो, बाकीची थोडक्यात.

एक एटीकेटी आहे. ती मार्कशीट अर्जात लावली नाही तर चालेल का?

नाही. लपवलेलं उघडकीस आलं तर मिळालेला प्रवेशही जातो.

पुण्यात मेकॅनिकलचं दुसरं वर्ष संपतंय. तिकडे कॉम्प्युटर सायन्स करायचंय. एजंट म्हणतो, सगळी क्रेडिट्स ट्रान्सफर होतील, थेट तिसऱ्या वर्षाला बसाल. खरं का?

हे वाक्य ऐकलं की मला मुलांच्या आईवडिलांची काळजी वाटते. तिथल्या पदवीला साधारण 120 क्रेडिट्स लागतात. नवं कॉलेज तुझी पन्नास क्रेडिट्स जमा करून घेईलही. पण त्यातली मेजरच्या, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाच्या, अटींत किती बसतात, हा वेगळा हिशेब आहे आणि एजंट नेमका तोच सांगत नाही. इंजिनिअरिंग ड्रॉइंग, वर्कशॉप, थर्मोडायनॅमिक्स ही क्रेडिट्स बहुधा ऐच्छिक विषयांत पडतात. गणिताचे पेपर कॅल्क्युलस म्हणून धरले जाऊ शकतात, तेही सविस्तर अभ्यासक्रम दाखवलास तर. डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स तुझं झालेलंच नाही. हे विषय साखळीसारखे आहेत: एक पास झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. म्हणजे कागदावर तिसरं वर्ष, आणि फी कदाचित आणखी तीन वर्षांची.

'आधी दुसऱ्या विषयात शिरा, मग आतून बदला,' हा सल्लाही ऐकू नकोस. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनसारख्या ठिकाणी असं आतून कॉम्प्युटर सायन्सला जाणं फार कठीण आहे.

प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमावर कॉलेजचा शिक्का घे, तो तिथल्या विभागाच्या सल्लागाराला पाठव आणि विचार: यातली कोणती क्रेडिट्स मेजरमध्ये धराल? लेखी उत्तर आल्याशिवाय डिपॉझिट भरू नकोस.

मी अमेरिकेतच बायॉलॉजी शिकते. कॉलेज बदलून इकॉनॉमिक्स घेतलं तर नोकरीवर परिणाम होईल का?

होऊ शकतो. ओपीटी, म्हणजे पदवीनंतर तिथे काम करायची परवानगी, 12 महिन्यांची; पुढची 24 महिन्यांची स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मुदतवाढ पदवीच्या सीआयपी कोडवर, म्हणजे अभ्यासक्रमाच्या सरकारी वर्गीकरण क्रमांकावर, ठरते. साधं इकॉनॉमिक्स (45.0601) स्टेमच्या यादीत नाही, इकॉनॉमेट्रिक्स आणि क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स (45.0603) आहे. नवं कॉलेज कोणता कोड लावतं ते विचार. सेविस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) कधी हलवायचा, हे आत्ताच्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याला, भेटूनच ठरव. मैत्रिणीचं कसं झालं, यावरून ठरवू नकोस.

मार्चमध्ये तयारीला लागलो तर ऑगस्टचा प्रवेश मिळेल का?

बऱ्याच कॉलेजांची मुदत मार्चमध्ये संपते, काहींची त्याआधीच. आपल्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट यायलाच कित्येक आठवडे जातात. ट्रान्सक्रिप्टसाठीचा अर्ज त्याआधीच्या दिवाळीची सुट्टी लागण्याआधी टाक.

मुलाला तिकडचं प्रवेशपत्र आलं. इथला प्रवेश रद्द करू का?

नका करू. आय-20 (व्हिसासाठी तिथलं कॉलेज देतं तो फॉर्म) आणि व्हिसा दोन्ही हातात येईपर्यंत त्याला इथल्या परीक्षा देऊ द्या. त्यानंतरही, परत यावं लागलं तर काय, हे आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारून या.