बँकेत सायबर सिक्युरिटी इंजिनिअर म्हणून काम करणं कसं असतं?

एथिकल हॅकिंगचा कोर्स संपत आलाय, बँकेत नोकरी घ्यावी का आणि तिथे नेमकं काय करावं लागेल, असं तुम्ही विचारलंय. मी हेच काम करतो. नोकरी जरूर घ्या, पण कोर्समध्ये दिसतं त्याहून हे काम बरंच वेगळं असतं.

दिवसाचा मोठा भाग लॉग, म्हणजे यंत्रणांमध्ये काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, वाचण्यात जातो. फायरवॉल, सर्व्हर, एटीएमचे व्यवहार योग्य बँकेकडे पाठवणारा एटीएम स्विच, मोबाइल अ‍ॅप या सगळ्यांचे लॉग सीम (SIEM) या लॉग एकत्र करून तपासणाऱ्या यंत्रणेत जमा होतात आणि तिथून अलर्ट येत राहतात. बहुतेक निरुपद्रवी निघतात. कोणीतरी पासवर्ड चुकवलेला असतो, नाहीतर बॅकअपचा जॉब चाललेला असतो. ते बंद करता करता खरा अलर्टही नजरेतून सुटू शकतो. म्हणून कुठला नियम उगाच अलर्ट देतोय हे शोधून तो नीट करणं मला फार मोलाचं वाटतं. त्याचं कौतुक मात्र क्वचितच होतं.

शिवाय पॅच (सॉफ्टवेअरमधली त्रुटी दुरुस्त करणारे बदल), अ‍ॅक्सेस रिव्ह्यू (कोणाला कुठे प्रवेश आहे याची तपासणी) आणि ऑडिट असतंच. कोअर बँकिंगचा, म्हणजे खाती आणि व्यवहार सांभाळणाऱ्या मुख्य प्रणालीचा, पॅच आला म्हणून लगेच टाकता येत नाही. आधी टेस्टिंग, मग मंजुरी, मग रात्रीची ठरलेली वेळ. तोवर ती त्रुटी दुसऱ्या कुठल्या उपायाने झाकून ठेवावी लागते.

आता खरा मुद्दा. बांगलादेश बँकेचं, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचं, २०१६ चं प्रकरण मुळापासून वाचा. फेब्रुवारीत हल्लेखोरांनी तिच्या स्विफ्ट यंत्रणेतून, म्हणजे बँका एकमेकींना पैसे पाठवण्याचे आदेश देतात त्या जाळ्यातून, न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ बनावट आदेश पाठवले, एकूण सुमारे ९५ कोटी डॉलरचे. बहुतेक अडवले गेले, तरी ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्समधल्या खात्यांत पोचले. वेळ गुरुवार रात्रीची निवडली होती, कारण ढाक्यात शुक्रवारी सुट्टी आणि न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार. व्यवहारांच्या प्रती छापणारा प्रिंटरही मालवेअरने गप्प केला होता. तो चालत नाही हे कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं, पण नेहमीचाच बिघाड समजून सोडून दिलं गेलं.

मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते त्या प्रिंटरमुळे. रोज येणारी गोष्ट आज आली नाही, हाही अलर्टच असतो, आणि तो ओळखायला बँकेचा रोजचा व्यवहार कसा चालतो ते ठाऊक असावं लागतं. हल्लेखोरांनी तो अभ्यास केला होता. आपला त्यांच्यापेक्षा जास्त असायला हवा.

म्हणून तुमच्या कोर्सच्या जोडीला बँकिंग शिका. मेकर-चेकर, म्हणजे एकाने नोंदवलेला व्यवहार दुसऱ्याने मंजूर करणं, कसं चालतं, सेटलमेंट, म्हणजे बँकांमधली पैशांची प्रत्यक्ष देवाणघेवाण, कधी होतं, रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे दोन बाजूंच्या नोंदी जुळवताना, फरक निघाला तर तो कोणाकडे जातो. एटीएममध्ये टाकलेला पिन एन्क्रिप्ट होऊनच का पुढे जातो आणि तो एचएसएमच्या, म्हणजे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या खास सुरक्षित उपकरणाच्या, आतच का तपासतात. लिनक्स, नेटवर्किंग आणि थोडं पायथन लागेलच, पण ते येणारे उमेदवार भरपूर मिळतात. एक पेमेंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदावर काढून, ते कुठे कुठे बदलता येईल यावर बोट ठेवणारे फार कमी.

सुरुवात बहुधा एसओसीमध्ये, म्हणजे चोवीस तास अलर्टवर नजर ठेवणाऱ्या कक्षात, होते आणि तिथे रात्रपाळी असते. ती टाळू नका. ऑपरेशन्सची माणसं रात्री नक्की काय काम करतात, हे तिथे त्यांनाच विचारता येतं.