तिवराची पानं कोण खातं?

पावसाचा जोर ओसरला की गोव्यातून तपकिरी खारफुटीचे, त्यातही तिवर या खारफुटीच्या झाडाचे, फोटो यायला लागतात. कुणी रायबंदरच्या रस्त्यावरून काढलेले, कुणी चोडणच्या फेरीबोटीतून. खाली विचारलेलं एकच: झाडं मेली का? सगळ्यांना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा निवडक पत्रांना इथेच उत्तरं देतो.

आमच्या घरामागची तिवरं पंधरवड्यात करपल्यासारखी झाली. नदीत काही सोडलंय का? (दिवाडी)

आधी फांदी हातात घेऊन बघा. पानाचा मऊ भाग गायब आणि शिरा तेवढ्या उरल्या असतील, तर ते अळीचं काम. पान अख्खं आहे पण पिवळं पडून वाळलंय, तर कारण वेगळं. भरतीचं पाणी कुठे अडलंय का ते पाहा. दुसरी खूण शेजारच्या झाडांची. तिवर बोडकं आणि लागूनच असलेलं कांदळ (खारफुटीतलंच दुसरं झाड) हिरवंगार असेल, तर ही ‘हायब्लिया प्युएरा’ या पतंगाची अळी, असं समजायला हरकत नाही. तिला तिवर आवडतं, कांदळाकडे ती सहसा फिरकत नाही. काही आठवड्यांत नवी पालवी दिसायला हवी. नाही दिसली तर वनखात्याला कळवा.

पतंग ओळखायचा कसा? आमच्या दिव्याभोवती रोज दहा प्रकार येतात. (रायबंदर)

बसलेला असताना ओळखणं कठीण. पंख छपरासारखे मिटलेले, वरचे राखाडी-तपकिरी, वाळक्या पानात सहज खपून जाणारे. पसरलेल्या पंखांची रुंदी ३ ते ४ सेंटीमीटर. खरी ओळख मागच्या पंखांवर: काळपट रंगावर नारिंगी-पिवळे पट्टे, पण ते पंख उघडल्याशिवाय दिसत नाहीत. जवळून पाहिलंत तर डोक्यापुढे चोच काढल्यासारखे मुखस्पर्शक दिसतील. अळीच्या रंगावर मात्र विसंबू नका. एकाच झाडावर हिरवट अळ्याही सापडतात आणि पांढऱ्या-नारिंगी रेषांच्या काळ्याही. पानाची कड कापून ती दुमडायची, रेशमाने शिवायची आणि आत बसून खायचं ही तिची सवय रंगापेक्षा भरवशाची.

भिंतीवर ताटलीएवढा पतंग बसला होता. हाच का? (काणकोण)

नाही, तो ॲटलास. तो खारफुटी बोडकी करत नाही.

अळ्या अंगावर पडल्या. खाज सुटेल का? (चोडण)

हिच्या अंगावर खाजरे केस नसतात. खाज सुटलीच तर ती दुसऱ्या कुठल्या तरी केसाळ अळीची असणार. पुरळ उठलं तर डॉक्टरांना दाखवा, लिंबू चोळत बसू नका.

दुकानदाराने फवारणीचं औषध दिलंय, ‘एका हातात सगळं साफ’ म्हणतो. मारू का? शिवाय जमिनीचा दलाल म्हणतो, झाडं मेलीच आहेत, आता भराव टाकता येईल. (सासष्टी)

दोन्हींना नाही. आणि हे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण दरवर्षी कुणी ना कुणी फवारून मोकळा होतो आणि मग मला विचारतो.

अळीचं आयुष्य जेमतेम दोन आठवड्यांचं. झाड बोडकं झालेलं तुमच्या नजरेत भरतं तोवर बहुतेक अळ्या कोषात गेलेल्या असतात. म्हणजे तुम्ही औषध मारता ते रिकाम्या फांद्यांवर. ते जातं कुठे? दिवसातून दोनदा भरती येते, ती ते धुऊन खाडीत नेते, मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीत, घालते. दुकानात सर्रास मिळणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधं मासे, कुर्ल्या (खेकडे) आणि सुंगटांना (कोळंबीला) फार जहाल असतात. पतंग वाचला, सुंगटं गेली, दुकानदाराचा गल्ला भरला. अळ्या खायला साळुंक्या, कोतवाल, कावळे येतात; त्यांना त्यांचं काम करू द्या.

आता दलाल. खारफुटी किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) १अ या सर्वांत कडक वर्गात मोडते, आणि पानं झडली म्हणून जमिनीचा वर्ग बदलत नाही. बोडक्या फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. भरावाची भाषा ऐकलीत तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून वनखात्याकडे लेखी तक्रार द्या. पालवी फुटायची वाट पाहाल तोवर ट्रक येऊन गेलेले असतील.

आमच्या सागाचीही चाळण झाली. हीच अळी डोंगरावरून खाडीत उतरते म्हणतात. (सत्तरी)

‘म्हणतात’वर माझा विश्वास नाही. साग आणि तिवर दोन्ही हिचं खाद्य, निर्गुंडीसुद्धा, एवढं पक्कं. वनस्पतिशास्त्रात साग आणि तिवर पूर्वी एकाच कुळात धरत, आता वेगळ्या कुळांत आहेत. पतंगाने मात्र दोघांनाही सोडलेलं नाही. भारत, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया एवढ्या मोठ्या टापूत तो आढळतो, तेव्हा सत्तरीच्या डोंगरात आणि मांडवी नदीकाठी एकाच हंगामात दिसला यात नवल नाही. त्यावरून तो डोंगर उतरून आला असं ठरत नाही.

तुमच्याकडची तर बहुधा ही अळी नव्हेच. पानाची जाळी शिल्लक राहिली असेल, बारीक शिराही शाबूत असतील, तर ती सागाची जाळी करणारी दुसरी अळी. ती जुन्या, राठ पानांवर येते. हायब्लियाची अळी कोवळी पानं खाते आणि मोठ्या शिरा तेवढ्या ठेवते. साग यातून सहसा मरत नाही, वाढ मात्र खुंटते: निलांबूरला केरळ वन संशोधन संस्थेने केलेल्या प्रयोगात कोवळ्या लागवडीची लाकूडवाढ सुमारे ४४ टक्क्यांनी घटली होती. लागवड मोठी असेल तर चार पानं अळीसकट कागदी पिशवीत घालून विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्यातल्या एल्याच्या किनारी कृषी संशोधन संस्थेत दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, संध्याकाळपर्यंत सगळं कुजतं.